कोल्ह्याची एकादशी

घरी पाहुणे आले की बायको सांगते, ‘हे उपास करत नाहीत, पण एकादशी चुकवत नाहीत.’ पाहुणे माझ्याकडे आदराने बघतात. मग ती पुढचं वाक्य टाकते, ‘कोल्ह्याची एकादशी असते यांची.’ यावर पाहुण्यांचा चेहरा कसा होतो ते मी हल्ली बघतही नाही. तोवर भिंतीवरच्या कॅलेंडरात माझी बोटं पुढची तिथी शोधत असतात.

कोल्हा मला आधी ऐकू आला, दिसला फार उशिरा. आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. चहूबाजूंनी ऊस. दिवेलागण झाली की एका फडातून एखादं कोल्हं सूर लावायचं, पलीकडच्या फडातून दुसरं उचलायचं आणि बघता बघता सगळं शिवार कुईकुई करायला लागायचं. आजी देवापुढे वात सारत म्हणायची, ‘झाली त्यांची आरती सुरू.’ भीती अशी कधी वाटली नाही. कोल्हेकुई झाली की अभ्यासाला बसायचं, एवढाच तिचा अर्थ.

गळिताचा हंगाम आला की मात्र ते दिसायचं. तोडकरी दोन्ही बाजूंनी तोडत यायचे, मधे उसाचा एक पट्टा उरायचा, त्यात ससे, घुशी आणि एखादं कोल्हं कोंडलेलं असायचं. शेवटच्या सरीवर कोयता आला की ते सुटायचं. पोरं आणि कुत्री मागे. ते एकदाही हाती लागलं नाही, आणि आज मला त्याचं बरंच वाटतं. चुलत्यांनी तेव्हाच शिकवून ठेवलं होतं: उसात असतं ते कोल्हं, माळावर बिळात राहतं ते खोकड. खोकड मांजरापेक्षा जरा मोठं, बारीक तोंडाचं, झुबकेदार शेपटीचं टोक काळं. ‘दोन्हीला कोल्हा म्हणणारा माणूस शहरातला,’ असं त्यांचं मत होतं.

१९८६ साली मी आठवीत होतो. आत्याच्या लग्नासाठी मामाने हॉट शॉट कॅमेरा आणला. एक रोल, छत्तीस फोटो, त्यात अख्खं लग्न बसवायचं. हळदीच्या दिवशी दुपारी मी कॅमेरा उचलून मागच्या फडाकडे गेलो आणि बांधावरून चाललेल्या कोल्ह्यावर सहा फोटो खर्च केले. इस्लामपूरच्या स्टुडिओतून रोल धुऊन आला तेव्हा सप्तपदी नव्हती, कानपिळी नव्हती; सहा फोटो उसाचे होते. वडिलांनी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. आईने एक फोटो डोळ्यांजवळ धरून बघितला आणि म्हणाली, ‘हे ढेकूळ आहे.’ मी पाठीमागे बॉलपेनने लिहिलं: कोल्हा. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. ते ढेकूळच आहे.

१९९५ मध्ये बँकेतल्या नोकरीने नवी मुंबईत आलो. पहिल्याच हिवाळ्यात रात्री अकरा-साडेअकराला खिडकीतून तो सूर आला. मला वाटलं, गावची आठवण येतेय. दुसऱ्या रात्री बायकोही उठून बसली. शेजारच्या काकांना विचारलं तर म्हणाले, ‘कुत्री आहेत हो.’ कृष्णाकाठच्या माणसाला कोल्हेकुई कळत नाही असं त्यांना वाटलं असावं. आम्ही राहायला आलो ती जमीन सिडकोने आखण्याआधी आगरी-कोळ्यांची होती, भातखाचरांची आणि मिठागरांची होती. तिच्या कडेने तिवर, कांदळ आणि चिप्पीची झाडी ठाणे खाडीत उतरत गेलेली. त्या झाडीत कोल्हे होते, आजही आहेत. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत, तिकडे खारघरला, पलीकडच्या तीरावर विक्रोळी-भांडुपला, आणि थेट चारकोपला. रात्रीच्या लोकलमधून खाडीपूल ओलांडताना आपण ज्या अंधाराकडे बघत जांभई देतो, त्यात ते खेकडे शोधत फिरत असतात.

फोर्टातल्या बोराबाजारातून जुना पेंटॅक्स घेतला, १३५ ची लेन्स घेतली. सहकारी ताडोब्याला जायचे, रजा टाकून, कर्ज काढून. मला ना रजा मिळायची ना कर्ज काढायची हिंमत होती, म्हणून तत्त्व केलं की घरापासून दोन किलोमीटरच्या आत जे भेटेल त्याचेच फोटो काढायचे. परिस्थितीला तत्त्व म्हटलं की बरं वाटतं. दहा-बारा वर्षांत खंड्या मिळाला, पार्किंगमध्ये पिल्लं फिरवणारं मुंगूस मिळालं, चिखलात पंखांवर चालणाऱ्या निवट्या मिळाल्या, रोहित पक्षी तर इतके मिळाले की गुलाबी रंगाचा कंटाळा आला. कोल्हा मिळाला नाही. ४०० च्या फिल्मवर संध्याकाळी काढलेल्या त्याच्या सावल्या जमल्या, तेवढ्याच.

सुटका केली ती एका म्हाताऱ्या कोळीमामांनी. मी रोज बांधावर का बसतो हे त्यांनी महिनाभर पाहिलं आणि मग विचारलं, ‘साहेब, तिथी बघून येता की नाही?’ मला वाटलं थट्टा करतायत. त्यांनी सांगितलेला हिशेब किनाऱ्यावरच्या पोराटोरांना पाठ असतो: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. थोडं पुढंमागं होतं, खाडीत आत जरा उशीर लागतो, एवढंच. पुनवेला-अवसेला उधाण, पण ते भर दुपारी आणि मध्यरात्री. अष्टमीला भरती पहाटे असते, पण तो भांग, पाणी झाडीत शिरतच नाही. ‘एकादशीला या,’ मामा म्हणाले. एकादशीची भरती सव्वाआठची. पाण्याला जोर आलेला असतो. उजाडताना ते झाडीत चढायला लागतं, कोल्ह्याची जमीन कमी कमी होत जाते आणि सूर्य वर यायच्या वेळेला तो नाइलाजाने बांधावर येतो. त्याला कोरडी जागा हवी असते, मला उजेड. दोघांचं जमतं ते एकादशीला.

पुढच्या एकादशीला मी बांधावर पोटावर झोपलो होतो, तांदळाच्या पुरचुंडीवर लेन्स टेकवून. तोवर डिजिटल कॅमेरा आला होता, ३०० ची लेन्स आली होती. सव्वासात वाजता तो तिवरातून आला. पाय पोटापर्यंत चिखलाने काळे, वर अंग सुक्या गवताच्या रंगाचं, त्यामुळे मोजे घातल्यासारखा दिसत होता. तोंडात चिंबोरी. बांधावर येऊन त्याने ती खाली ठेवली. तिने दोन्ही नांग्या उगारल्या. तो मागे सरला, मान तिरकी करून बघत राहिला, मग पुढच्या पायाने एक टप्पल मारून तिला उलटी केली आणि एक नांगी कडेने उपटून बाजूला टाकली. परत थांबला. दुसरी नांगी. मग कवच फुटल्याचा आवाज मला तीस फुटांवर ऐकू आला. आमच्या आळीतली माणसं चिंबोरी खाताना याहून जास्त सांडतात. खाऊन झाल्यावर त्याने ओठ चाटले, टाकलेल्या नांग्यांकडे परत आला आणि त्याही खाल्ल्या. एकादशी, दुप्पट खाशी! या सगळ्यात मी बटण किती वेळा दाबलं असेल? चार. हात थरथरत होते, चारही फोटो हललेले.

चांगला फोटो आला तो २०११ मध्ये, आणि त्याचं खरं मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. एकादशीची वाट बघायचा कंटाळा आला होता. चिकनच्या दुकानातून पंजे आणि कातडी घेतली आणि सलग आठ दिवस संध्याकाळी एकाच दगडावर ठेवली. नवव्या दिवशी जोडी आली. मादीने मान उचलून सरळ लेन्समध्ये पाहिलं, मावळतीचा उजेड तोंडावर, मागे आमच्या सोसायटीची इमारत, तिसऱ्या मजल्यावर लागलेला दिवा. गणपतीत मांडवामागे सभासदांच्या कलाकृतींचं प्रदर्शन होतं, तिथे तो मोठा करून लावला. लोकांनी वाहवा केली. आणि दुसऱ्याच आठवड्यात सोसायटीच्या सभेत अर्ज आला: आवाराला लागून हिंस्र प्राणी आहेत, पुरावा म्हणून सोबत छायाचित्र जोडले आहे. छायाचित्र माझं!

सोळा वर्षं जी कुत्री होती, ती माझ्या फोटोने एका संध्याकाळी हिंस्र प्राणी झाली. पिंजरा लावा, असं ठरलं. वनखात्याची माणसं आली, त्यांनी शांतपणे समजावलं की ही कोल्ह्यांचीच जागा आहे, पिंजरा लागणार नाही. कचरा उघडा टाकू नका, खायला घालू नका. ‘खायला कोण घालतं?’ अध्यक्षांनी चिडून विचारलं. मी चपलांकडे बघत होतो. पिंजरा लागला नाही, पण वॉचमन रोज संध्याकाळी बांधावर सुतळी बॉम्ब लावायला लागला. दिवाळीपर्यंत जोडी तिथून गेली. तो फोटो मी काढलेल्यांत सर्वांत सुंदर आहे. घरात लावलेला नाही.

याचा अर्थ घराजवळच्या जनावराचा फोटो काढूच नये असा नाही. २०१६ साली लंडनच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत शहरी विभागात मुंबईच्या नयन खानोलकरांचा फोटो पहिला आला: आरेतल्या आदिवासी पाड्याची गल्ली आणि तिच्यातून निघालेला बिबट्या. त्याच विभागात अंतिम फेरीत सॅम हॉब्सनचा एक फोटो होता, इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरातला, भिंतीवरून डोकावणाऱ्या पिल्लाचा. त्या पिल्लाला मराठीत काय म्हणायचं यावर माझं आणि लंडनला राहणाऱ्या भाच्याचं भांडण झालं. त्याच्या मागच्या अंगणात हेच जनावर रोज येतं, तो मला फोनवरून फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, ‘मामा, तुझा कोल्हा.’ मी त्याला शेपटीचं पांढरं टोक दाखवलं. तो कोल्हा नव्हे, खोकडाचा तांबडा चुलतभाऊ. इसापाच्या गोष्टी मराठीत आणणाऱ्यांनी त्याला कोल्हा केलं आणि आंबट द्राक्षं आमच्या कोल्ह्याच्या गळ्यात बांधली. आमचा कोल्हा काकडीलाही राजी असतो, तो द्राक्षांना नावं ठेवेल?

त्याच्या वाट्याला मुळात पंचतंत्र आलं होतं. करटक आणि दमनक तिथलेच, आणि निळीच्या पिंपात पडून राजा झालेलाही तिथलाच. २०१७ च्या पावसाळ्यात तळोज्याला कासाडी नदीकाठची कुत्री कारखान्यांच्या रंगाने खरोखर निळी झाली, तेव्हा मला ती गोष्ट आठवली आणि पहिली काळजी वाटली ती खारघरच्या कोल्ह्यांची. तेही तळोज्याच्या त्याच पाण्याच्या अंगाला राहतात.

कागदावर त्यांचं बरं चाललंय. २००५ साली उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला मनाई केली, २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कोल्हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला बसला. पंगत मिळाली, पान वाढलेलं दिसत नाही. भराव थांबलेला नाही. भटक्या कुत्र्यांबरोबर वावर वाढला की त्यांचे रोग येतात. २०२४ मध्ये चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या मेलेल्या कोल्ह्यांत रेबीज सापडला, त्या दिवशी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेरा वर्षांपूर्वीचा माझाच फोटो कुणीतरी पुन्हा टाकला. खाली लिहिलं होतं, ‘आपल्या मागेच आहेत.’ मी उत्तर लिहिलं, की चावलं तर लगेच साबणाने धुवा, दवाखान्यात जा, कुत्र्यांना लशी द्या, कचरा झाका. त्यावर दोन अंगठे आले आणि मग कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक सुरू झाले.

अलीकडे माझे फोटो बायकोच्या मते पुन्हा ढेकळासारखे येतात. लांबून काढतो, फ्लॅश मारत नाही, ओळखू येईल अशी इमारत किंवा खांब चौकटीत घेत नाही. फोटोत अक्षांश-रेखांश लपलेले असतात, तेही पुसून मगच पुढे पाठवतो. दूरदूरहून मोठ्या लेन्स घेऊन येणारी तरुण मुलं विचारतात, ‘सर, लोकेशन?’ मी त्यांना भरतीचा हिशेब सांगतो. बहुतेकजण तिथीपाशीच कंटाळतात. एक मुलगी मात्र वहीत लिहून घेऊन गेली आणि तीन महिन्यांनी तिने मला एक फोटो दाखवला. चिखल, पाणी, तिवराची मुळं आणि कोपऱ्यात दोन कान. कुठला, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

येत्या एकादशीला मी जाणारच आहे. तुम्हाला आपापल्या खाडीवर जायचं असेल तर तिथीची पाऊणपट करा आणि तासभर आधी जाऊन बसा. चिकन नेऊ नका. जागा मात्र विचारू नका.