विंच आणि शेजारधर्म

निफाडकडे द्राक्षबागायतदाराला दोन धास्त्या: अवकाळी पाऊस आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर. पावसानं काळ्या मातीत पिकअप रुतते आणि ट्रॅक्टरवाला ती ओढून काढतो, मग वर्षभर ऐकवतो. म्हणून आमच्या मेहुण्यानं विंच घेतला.

"दाजी, भरल्या गाडीच्या दीडपट ताकद हवी. ३००० किलोला ४५००!"

तीही ड्रमवर तारेचा एकच थर उरला असतानाच पुरती मिळते; थर चढले की ओढ घटते. म्हणजे तार जवळजवळ सगळी सोडायची.

सातपूरच्या फिटरनं बजावलं, "भाऊ, बंपरला नको. जाड प्लेट चेसिसला बोल्ट करू. नाहीतर गाडी राहील चिखलात आणि बंपर येईल बाहेर." शिवाय मोटर शेकडो अँपिअर पिते, तेव्हा इंजिन चालूच ठेवायचं.

सगळं जमलं. पण तार बांधायची कशाला? बांधाला झाड नाही. मांडवाच्या अँगलला बांधावी, तर गाडीआधी द्राक्षं यायची! शिवारात भक्कम वस्तू एकच निघाली: शेजाऱ्याचा ट्रॅक्टर.

त्यानं ब्रेक दाबून नुसतं उभं राहायचं. गाडी निघाली. यंदा मात्र तो काही ऐकवत नाही. म्हणतो, "मी कुठं काय केलं? नुसता उभा होतो."