आड भरल्यानंतर

विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करताना वर्षानुवर्षं मी एकच मत ठामपणे मांडत आले: आपल्या संशोधनाचं मूळ दुखणं टंचाईचं आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं बैठकांत, अंदाजपत्रकाच्या चर्चांत कितीदा तरी बोलले. परदेशी जर्नलांच्या वर्गण्या परवडायच्या नाहीत. एखादा लेख हवा असला की विद्यार्थी ओळखीपाळखीतून मोठ्या संस्थेतल्या कुणाला तरी गाठायचे किंवा थेट लेखकालाच ईमेल करायचे. साहित्य हाती पडू दे, मुलं हुशार आहेत, पुढचं त्यांचं ते बघतील, असं मला मनापासून वाटायचं. आता तसं वाटत नाही.

टंचाई खरी होती आणि ती हटवायला ज्यांनी खस्ता खाल्ल्या त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर देशभरातले लाखो प्रबंध आज कुणालाही मोफत वाचता येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं. जानेवारी २०२५ पासून सरकारी विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत ती खुली होऊ लागली. ज्या दिवसाची मी वाट पाहत होते, तो आला.

पण प्रबंधांच्या संदर्भसूच्या चाळताना जे दिसतं त्याचा टंचाईशी संबंध नाही. संत साहित्यावर काम करणारा एक विद्यार्थी तुकोबांच्या एका अभंगाचा क्रमांक देतो. गाथा कोणती, असं विचारलं की गप्प होतो. देहू संस्थानची गाथा, जोगमहाराजांची सार्थ गाथा आणि शासकीय गाथा यांतले क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत. आम्ही दोघं मिळून शोधत मागे जातो. क्रमांक त्याने एका लेखातून घेतलेला, त्या लेखकाने तो दुसऱ्या प्रबंधातून उचललेला, आणि त्या प्रबंधात गाथेची आवृत्तीच नोंदवलेली नाही. तिन्ही गाथा ग्रंथालयाच्या कपाटात आहेत. अडचण पुस्तक मिळण्याची नव्हतीच. उघडून पाहायला हवं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

हे काही आपल्याकडेच घडतं असं नाही. पालकात लोह भरपूर असतं हा समज दशांशचिन्हाच्या चुकीतून पसरला, ही गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये टेरेन्स हॅम्बलिन यांनी ती सांगितली, पण तिला आधार म्हणून एकही संदर्भ दिला नाही. पुढे लेखामागून लेखांत ती उद्धृत होत गेली. नॉर्वेचे ओले ब्यॉर्न रेकडाल यांनी २०१४ मध्ये ही साखळी उलगडून दाखवली. मूळ पुरावा कुठेच सापडत नाही. चुकांपासून सावध करण्यासाठी सांगितली जाणारी गोष्टच कुणी तपासली नव्हती. हे लिहिणाऱ्यांना उत्तम ग्रंथालयं उपलब्ध होती.

माझं मत खऱ्या अर्थाने हललं ते स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांच्या अभ्यासाने. त्यांनी इतिहासाचे पीएच.डी. झालेले १० अभ्यासक, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांच्यासमोर काही संकेतस्थळं ठेवली. त्यांत बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची स्थळं होती. एक हजारो सदस्यांची मुख्य संघटना, तर दुसरी २००२ मध्ये फुटून निघालेला छोटा गट. दोन्हींची नावं भारदस्त, मांडणी देखणी. तपासनिसांनी फारसा वेळ न घालवता खरं काय ते ओळखलं. इतिहासकारांपैकी बरेच घुटमळले. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना छोटा गटच जास्त विश्वासार्ह वाटला. फरक बुद्धीचा नव्हता. इतिहासकार आणि विद्यार्थी समोरचं पान मन लावून वाचत राहिले, तर तपासनीस ते पान सोडून नव्या टॅबमध्ये गेले आणि या संघटनेबद्दल इतर काय म्हणतात ते त्यांनी आधी पाहिलं.

पान काळजीपूर्वक वाचा, असं आम्ही ग्रंथालयवाले नेहमी सांगत आलो. छापील पुस्तकासाठी तो सल्ला आजही खरा आहे. पण कुणीही, काहीही, कितीही सुबकपणे मांडू शकतो अशा काळात पानाबाहेर जाऊन चौकशी करणं हे वाचनाचं पहिलं पाऊल ठरतं. जर्नलांच्या बाबतीत तर हे रोजचंच झालं आहे. यूजीसीने भरवशाच्या जर्नलांची आपली केअर यादी २०२५ मध्ये बंद केली. जर्नल भरवशाचं की पैसे घेऊन काहीही छापणारं, हे आता विद्यापीठांनी आणि संशोधकांनीच ठरवायचं आहे. त्या जर्नलची वेबसाइट कितीही वाचली तरी याचं उत्तर तिथे मिळणार नाही. संपादक मंडळातली नावं त्या त्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन पाहावी लागतात. जुने अंक काढून आपल्या विषयातले दोन लेख स्वतः वाचावे लागतात.

विद्यार्थ्यांची सगळी काळजी मात्र सिमिलॅरिटीच्या टक्क्यांभोवती फिरते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, म्हणून वाक्यं फिरवून टक्का खाली आणायची खटपट चालते. वाक्य उचललेलं आहे की नाही, एवढंच सॉफ्टवेअर सांगतं. ते खरं आहे का, हे त्याला कळत नाही. एआयने रचलेला, अस्तित्वातच नसलेला संदर्भ या चाळणीतून सहज निसटतो.

म्हणून आता माझा आग्रह बदलला आहे. वर्षारंभी सभागृहात नव्या मुलांना बसवून डेटाबेसची नावं दाखवायची, पासवर्ड वाटायचे आणि प्रमाणपत्रं द्यायची, या कार्यक्रमाची मी एके काळी खंदी पुरस्कर्ती होते. आज मला तो अपुरा वाटतो. शोधायचं कसं हे तासाभरात सांगता येतं. तपासायचं कसं हे विषयाच्या आत शिरूनच शिकता येतं, कारण रसायनशास्त्रातला पुरावा वेगळा, इतिहासातला वेगळा आणि संत साहित्यातला त्याहून वेगळा. त्यासाठी मार्गदर्शक आणि ग्रंथपाल यांनी एका टेबलाशी बसायला हवं, आणि टेबलावर विद्यार्थ्याचा स्वतःचा सिनॉप्सिस हवा.

यासाठी नवी योजना नको. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये ‘रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स’ हा २ श्रेयांकांचा अभ्यासक्रम यूजीसीने आधीच सक्तीचा केला आहे. त्यात एक काम जोडावं: प्रत्येकाने आपल्या प्रकरणातला एक संदर्भ निवडावा, मुळापर्यंत जावं आणि वाटेत काय सापडलं ते दोन पानांत लिहावं. मूळ मिळालं नाही तर तेही नोंदवावं, आणि त्या प्रामाणिकपणाला गुण द्यावेत. निधीसाठी मी पुढेही भांडेन. अजून कितीतरी जुनी मराठी मासिकं कुठल्याच डेटाबेसमध्ये नाहीत. पण त्या मागणीच्या आधी आता मी हे दोन पानांचं काम मागते.