मुळें सोडवितांना

आमच्या वाड्याच्या चौकांत, आडाच्या कांठीं, वडिलांनीं लावलेला भोकरी द्राक्षाचा एक वेल होता. वाडा पाडून त्या जागीं सदनिका बांधावयाच्या असें गेल्या वर्षीं दसऱ्यापूर्वीं ठरलें, आणि मांडवासकट वेलहि जाणार हें ओघानेंच आलें. मुळासकट उपटून दुसरीकडे लावण्याचें त्याचें वय राहिलें नव्हतें. म्हणून आश्विनांत, नाशिककडील बागांतून गोडी छाटणी चालते त्याच सुमारास, मीं त्याच्या नऊ पक्व काड्या छाटून रुजत घातल्या. त्या काड्यांनीं मला जें शिकविलें तें, सारा जन्म मुलांना शिकविण्यांत घालवूनहि मला ठाऊक नव्हतें.

द्राक्षाची बी पेरली तर वेल उगवतो. पण तो मूळ वेलाचे गुण जसेच्या तसे घेऊन येईल असा भरंवसा नसतो. काडी लावली म्हणजे मात्र तोच वेल पुन्हां उभा राहतो. ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेदाध्यायांत, कांड रोवून लावावयाच्या झाडांत फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब यांबरोबर द्राक्षहि गणलें आहे. कांडास शेण माखून तें रोवावें असें तो सांगतो. पूर्वीं नाशिककडे द्राक्षवेल पांगाऱ्यावर चढवीत, आणि तो पांगाराहि फांदी रोवूनच वाढवीत. आजच्या बागांतून थॉम्सन सीडलेस ही बिनबियांची जात पुष्कळदां डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेली असते. पण तो खुंटहि काडीपासूनच तयार करितात.

माझ्या काड्या चार चार डोळ्यांच्या होत्या. खालचा काप डोळ्याच्या लगत सरळ आणि वरचा तिरपा, म्हणजे काडी उलटी रोवली जाण्याची भीति नाहीं. सहा काड्या वाळूच्या वाफ्यांत घातल्या. तीन उरल्या, त्या जागेअभावीं एकाच जुन्या कुंडींत खोंचून दिल्या.

तीन आठवड्यांत वाफ्यांतील काड्यांना पालवी फुटली. मला आनंद आवरेना. मीं त्या साही काड्या उपटून मोठमोठ्या कुंड्यांत लावल्या आणि रोज पाणी घातलें. पंधरा दिवसांत साही वाळल्या. मग विचारपूस करितां कळलें कीं, पालवी ही मुळांची साक्ष नव्हे. काडीच्या पोटांत सांठविलेल्या अन्नावर डोळा आधीं फुटतो, मुळें मागाहून येतात. शिवाय मोठ्या कुंडींतील सारी माती चिमुकल्या मुळांना पिऊन संपवितां येत नाहीं; ती सदा ओली राहते, हवा कोंडते, आणि मुळें कुजतात. वरची पालवी पाहून पोराला वरच्या वर्गांत ढकलणाऱ्या मास्तराची जी चूक, तीच माझी.

एव्हांना वाडा पडला होता आणि वेलहि गेला होता. उरलीं तीं एका कुंडींतील तीन रोपें.

येथें घरची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आम्ही तिघे भाऊ. मधला पुण्यास असतो. मी आणि धाकटा वाड्यांत होतों. वांटणी व्हावी असें धाकट्याचें म्हणणें पुष्कळ वर्षांचें. घर एकत्र राहण्यांतच कुळाची शोभा, असें म्हणून मीं सही नाकारीत आलों. दोन वर्षें तो माझ्याशीं बोलत नव्हता. वाडा पाडण्यास मीं मोडकळीला भिऊन संमति दिली. पण नव्या जागेच्या वांटणीचे कागद माझ्या टेबलावर तसेच पडून होते.

शाखा न फुटलेलीं रोपें शिशिरांत हलवावीं, असा वराहमिहिराचा संकेत आहे. माघांत तो अध्याय पुन्हां उघडला, तों पुढील वचनावर दृष्टि खिळली. झाडांत वीस हातांचें अंतर उत्तम, सोळा हातांचें मध्यम, बारा हातांचें कनिष्ठ. जवळ वाढलेलीं झाडें एकमेकांस भिडतात, त्यांचीं मुळें गुंततात, आणि तीं पुरतें फळ देत नाहींत. हें मीं पूर्वीं अनेकदां वाचलें होतें. त्या दिवशीं मात्र मीं पुस्तक मिटून ठेवलें.

दुसऱ्या दिवशीं धाकटा कागदांसाठीं आला, तेव्हां मी कुंडी आडवी करून रोपें ओढण्याच्या बेतांत होतों.

"दादा, ओढूं नका," तो म्हणाला. "पाण्यांत बुडवा."

आम्हीं मातीची हुंडी बादलींत ठेवली. माती विरघळत गेली तशीं मुळें दिसूं लागलीं. एकाचीं कोणतीं आणि दुसऱ्याचीं कोणतीं हें कळेना. दोघे बोटांनीं एक एक मूळ सोडवीत बसलों. एके ठिकाणीं गांठ सुटेना. त्यानें माझ्याकडे पाहिलें, चाकूनें ती कापली आणि म्हणाला, "एवढं जायचंच."

मग वीतभर उंचीच्या तीन कुंड्या घेतल्या. तळच्या भोंकावर खापरी, तीवर दोन भाग गंगेचा पोयटा, एक भाग जुनें शेणखत आणि थोडी वाळू. मुळें न मुडपतां पसरलीं, रोप पूर्वींइतकेंच खोल ठेविलें, माती हलकेच दाबली, आणि तळांतून निथळेपर्यंत झारीनें पाणी दिलें. आठ दिवस सावली. कारण दुखावलेलीं मुळें पाणी पुरवूं शकत नाहींत, आणि उन्हांत पानें तर तें उडवीतच राहतात. त्याच संध्याकाळीं मीं कागदांवर सही केली.

चौथ्या दिवशीं त्याचा फोन आला. दोन वर्षांतला तो पहिलाच. "दादा, पानं गळली."

"नखानें साल किंचित् खरवडून पाहा."

थोडा वेळ गेला. "आंत हिरवं आहे."

"मग त्याला हात लावूं नकोस. माती सुकली तर पाणी, एरव्हीं कांहीं नाहीं."

फाल्गुनांत त्याच्या रोपाला नवा डोळा फुटला. माझ्या रोपाला त्यानंतर आठ दिवसांनीं. तिसरी कुंडी मधल्या भावाची. तो पाडव्याला येऊन ती घेऊन जाणार आहे. तोंपर्यंत मी तिला पाणी घालतों, आणि मूळ कितीसें वाढलें हें पाहण्याचा मोह झाला कीं गंगेवर फिरावयास जातों.