माईची लुगडी बोहारणीला देऊ नकोस

वसई,
आगमनकाळाचा पहिला रविवार

चि. रिटास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप सकाळी मिस्सेला निघता निघता वाचला आणि खरं सांगते, फादरांच्या प्रवचनातलं एक अक्षर कानात शिरलं नाही. शिवणयंत्र घेतलंस, आनंद झाला. नाताळच्या भेटी यंदा स्वतः शिवणार, त्याहून आनंद झाला. पण खाली, जाता जाता लिहावं तसं लिहिलंयस की सणाच्या छपाईच्या कापडाचं किट मागवलंय, आणि माईची लुगडी ट्रंकेत नुसती जागा अडवतायत तर बोहारणीला देऊन टाकू का? अगं, एका पातेल्यासाठी? माईची लुगडी?

रागावत नाही. म्हणजे रागावले होते, आता चहा झालाय.

तू विचारलंस सोपं काय शिवू. त्याआधी कशातून शिवायचं ते ऐक. त्या किटातल्या नव्या कापडाला खळ असते. हाताला कडक लागतं, कापायला बरं वाटतं, आणि पहिल्या धुण्यात आटतं. लाल असेल तर शेजारच्या पांढऱ्यालाही गुलाबी करून सोडतं. म्हणून नवं सुती कापड कातरी लावण्याआधी धुवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची. हे नवशिके कधी करत नाहीत. तूही करणार नाहीस, मी ओळखते तुला. निळ्या फ्रॉकचं प्रकरण पुन्हा काढत नाही.

लुगड्याचं तसं नाही. ते आटायचं तेवढं आटलेलं असतं, रंग जायचा तेवढा गेलेला असतो. आणि माईच्या लुगड्याला कातरी लावायचा धीर होणार नाही, असली भाषा माझ्याशी करू नकोस. माईच लावायची की. तुझ्या बाबाची बाळंती, माझी बाळंती, मग तुझी, सगळी तिच्याच नऊवारांतून निघाली. नव्या कापडाचं बाळंतं बाळाला बोचतं, म्हणायची. दरवर्षी गोठा मांडताना मला हटकून हेच आठवतं. तीन राजांच्या सोन्याचं आणि ऊदाचं केवढं कौतुक, पण लूकच्या शुभवर्तमानात राजे येतच नाहीत, ते मत्तयकडे. लूककडे आहे ते बाळंतं. ते कुणी शिवलं, कशातून काढलं, एकाही फादरांनी आजवर सांगितलं नाही. मी दोनदा विचारलंय. तुझे काका म्हणतात, तिसऱ्यांदा विचारू नकोस.

तर लुगडं खिडकीशी उजेडात धर. बसायच्या जागी विरलेलं असेल, तिथून आरपार दिसेल. तो भाग पुसायला ठेव. पदर आणि काठ मात्र लोखंडासारखे असतात. यंत्रासोबत बहुधा 14 नंबरची सुई आली असेल, ती जाडीला ठीक. झिजलेल्या सुताला 11 नंबरची घाल, नाहीतर भोकं पडतील.

पहिली भेट म्हणून नाडीची पिशवी कर. त्यात करंज्या, कलकल भरून द्यायचे. 8 इंच रुंद आणि 24 इंच लांब अशी एकच पट्टी उभ्या धाग्यात काप, उरेब नको, उरेब कापलेलं ताणलं जातं आणि मग पिशवी तिरकी रुसून बसते. सुलट बाजू आत घेऊन मध्यावर दुमड. दोन्ही कडांना अर्धा इंच माया सोडून टीप मार, पण वरचे अडीच इंच मोकळे ठेव. सगळे इथेच चुकतात, थेट वरपर्यंत टीप मारतात आणि मग नाडी घालायला वाट शोधत बसतात. मोकळ्या कडा आत वळवून घे, मग तोंडाला आधी अर्धा इंच आणि मग एक इंच दुमडून टीप मार. झाला नेफा. काठाचीच पट्टी दुमडून नाडी कर आणि सेफ्टी पिनेने ओव. खाली शिवण नाहीच, म्हणून तळ उसवायची भीती नाही. पहिल्या दोन वाकड्या होतील. त्या मला पाठव. दर टिपेनंतर इस्त्री फिरव, यातच अर्धं शिवणकाम आहे, पण तुला इस्त्रीचा कंटाळा.

दुसरं, गरम भांडी उचलायच्या गाद्या. आठ इंची दोन चौकोन, मध्ये जुन्या टॉवेलचे दोनतीन थर. किटातला तो पांढरा फुगीर पॉलिएस्टर आत घालू नकोस, तापल्या भांड्याने वितळतो. तुझ्या नणंदेचा हात भाजला तर ती तुझी भेट जन्मभर विसरणार नाही, आणि मला काय काय ऐकावं लागेल ते वेगळंच.

लाल मोजे मात्र शिवू नकोस. टाचेचा गोल वळवायचा, मायेला काप मारायचे, अस्तर लावायचं, नवशिकीचं काम नव्हे ते. शिवाय वसईत मोजे टांगायचे कुठे, देवळीत? सूझनच्या बाळासाठी बाहुली करतेस म्हणालीस, कर. डोळ्यांना बटणं नकोत, दोऱ्याने काढ. दहा महिन्यांचं पोर आधी बटणच तोंडात घालतं.

आता एक विचारते. निरोपाखाली वेळ दिसली, रात्रीचे 1:40. इतक्या रात्री यंत्रावर का बसतेस? डोळा लागला की सुई बोटातून आरपार जाते, माझं डावं नख पाहिलं आहेस तू. कामावर सगळं ठीक आहे ना? मागच्या फोनवर आवाज बसलेला होता, मी सर्दी समजले.

आणि पिशव्यांची मापं लिहीपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, आत्ता तुझा निरोप पुन्हा उघडला तेव्हा आलं. 'पोस्टाने टाकते' असं लिहिलंयस तू. पोस्टाने का, बाय? दरवर्षी हातात घेऊन येतेस ना? येणार नाहीस का? बाबाला सांगितलंयस? तो तर काल चांदणीचा दिवा उतरवून वायर तपासत होता, म्हणाला रिटा आली की वर चढवेल, माझे गुडघे आता चालत नाहीत.

24 तारखेच्या संध्याकाळी पोचलीस तरी चालेल, मिस्सा रात्रीच आहे. शिवण अर्धी राहिली असेल तर तशीच घेऊन ये. माझ्याकडे मशीन आहे, अंगणात कुणी नसतं दुपारी, बसू दोघी. खोली झाडून ठेवते.

तुझी,
आत्या

ता. क. बोहारणीला हाक मारली नाहीस ना अजून? हे वाचल्या वाचल्या फोन कर.