सोफ्याचा घसारा

आमच्या घरातल्या सोफ्याचा रंग कोणता, या प्रश्नावर घरात चार मतं होती. सौ. म्हणायची चॉकलेटी. कन्या म्हणायची मळका. अण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे मरून. चौथं मत माझं. म्हणजे काहीच नाही. बँकेतला कारकून कागद पाहिल्याशिवाय कशावरही सही करत नसतो.

हा सोफा अण्णांनी १९८५ साली थकबाकीच्या पैशांतून घेतला. किंमत रुपये दोन हजार फक्त. मी तेव्हा पाच वर्षांचा. ‘आमचा सोफा लेदरचा आहे,’ असं मी साताऱ्यातल्या आमच्या अख्ख्या पेठेत सांगत सुटलो होतो. पुढे कळलं, ते रेक्झिन. रेक्झिन हे मुळात इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या हाइड गावी बनणाऱ्या नकली चामड्याचं व्यापारी नाव. आपल्याकडे ते नाव सगळ्याच नकली चामड्याला चिकटलं आणि दर मे महिन्यात ते चामडं आमच्या मांड्यांना.

चाळीस वर्षांत त्याचा रंग उडाला. अण्णांचा उजवा तळवा जिथे विसावतो, तिथे तर आतलं कापड दिसू लागलं. डोकं टेकायच्या जागी खोबरेल तेलाचा नकाशा उमटला.

एका रविवारी सौ. ‘जुना द्या, नवा न्या’ची जाहिरात घेऊन समोर आली. मी कॉमर्सचा पदवीधर. लगेच पाकिटाच्या पाठीवर घसारा काढला.

“घटत्या शिलकेच्या पद्धतीनं दरसाल दहा टक्के धरले, तर आज या सोफ्याची किंमत २९ रुपये ५६ पैसे होते.”

“मग पदरचे चव्वेचाळीस पैसे घालून भंगारवाल्याला पुरते तीस रुपये देते आणि घेऊन जा म्हणते!”

“पण या पद्धतीची गंमत अशी, की किंमत कितीही घटली तरी शून्य कधी होत नाही.”

“तुमच्या महिनाअखेरच्या शिलकीला तरी लावा ही पद्धत!”

अण्णा त्याच सोफ्यावर पेपर वाचत होते. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही, हे मला नंतर आठवलं.

शेवटी तडजोड झाली. सोफ्याला रंग देऊन बघायचा. जमला तर ठीक, नाहीतर जाहिरात. मी म्हटलं, चामड्याचा भाऊ तो, त्याला बुटाचं पॉलिश चालेल. दोन डब्या चोळल्या. सोफा असा चमकला, की त्यात बघून भांग पाडावा! संध्याकाळी सासरे आले, तासभर बसले आणि उठून पाठमोरे झाले. पांढऱ्या लेंग्यावर सोफ्याची हुबेहूब नक्कल उतरली होती. “जावईबापू, आमच्याकडे हळदीकुंकवाला एवढं लावत नाहीत,” एवढंच ते म्हणाले. सौ. मात्र पुढे दोन दिवस काहीच म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी रंगाच्या दुकानदारानं माझी शिकवणी घेतली. खऱ्या चामड्याला बारीक छिद्रं असतात, ते पॉलिश पिऊन घेतं. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर. तो काही पीत नाही. वरचं मेण अंगाच्या उबेनं सुटतं आणि बसणाऱ्याबरोबर घरी जातं. रेक्झिनला रेक्झिनचाच रंग लागतो. आधी साबणाच्या पाण्यानं पुसायचं, मग स्पिरिटचा बोळा फिरवायचा, कारण तेलकट जागेवर रंग धरत नाही. न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघायचं. मग पातळ हात द्यायचे, एक वाळल्यावरच दुसरा.

“आणि जिथं भेगा पडून आतलं कापड दिसतंय, तिथं रंग फार दिवस टिकायचा नाही,” तो म्हणाला.

मूळ रंग शोधायला बैठकीखालची घडी उचकटली. तिथे चाळीस वर्षांत ऊन पोचलं नव्हतं. आणि तिथे होता गर्द मरून! शेजारी एक पेन्सिल आणि एक चार आणे. चार आणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले. बँकेत असूनही मला त्यांचं काही करता येईना.

तीन रात्री जेवणं उरकल्यावर मी रंगाचे हात दिले. ते तीन दिवस अण्णा लोखंडी खुर्चीवर बसून होते, गप्प. ‘मरून म्हणालो होतो की नाही,’ हेसुद्धा म्हणाले नाहीत. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

चौथ्या दिवशी मी म्हटलं, “बसा अण्णा, वाळलाय.”

“कशाला? बाजाराला न्यायच्या आधी बैलाची शिंगं रंगवतात. मला काय कळत नाही?”

मी ब्रश हातात धरून उभा राहिलो. पाकिटाच्या पाठीवरचा तो हिशेब मी त्यांच्यादेखत केला होता, मोठ्यानं.

“अण्णा, बेंदरालाही रंगवतात,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उठले, सावकाश सोफ्यावर बसले आणि उजवा तळवा नेहमीच्या जागी ठेवला. आतून सौ.चा आवाज आला, “मग आज पुरणपोळी करायला सांगताय की काय? साधा शिरा होईल.” शिरा झाला. जाहिरात त्या दिवशी पोळ्यांच्या डब्यात खाली घातली गेली.

दुकानदार खरं बोलला. महिन्याभरातच अण्णांच्या तळव्याखालचा रंग पुन्हा उडाला. तेवढ्या जागेवर मी परत ब्रश फिरवला नाही. बाकी सोफा ठीक आहे. रंग कोणता, यावर घरात पुन्हा चार मतं आहेत. सौ.ला तो आता विटकरी दिसतो. घडीखाली पुरावा आहे, पण त्यासाठी अण्णांना उठवावं लागेल.