कल्याणचं नाव ग्रीकमध्ये

प्रिय एशियाटिक ग्रंथालय,



मी लालबागचा, इतिहास शिकवणारा. ग्रीस-रोमचा अभ्यास करायचा तर परदेशीच जायला हवं, असं एखादी विद्यार्थिनी म्हणाली की मी तिला टाउन हॉलच्या पायऱ्या चढायला लावतो. डोरिक खांबांमधून आत गेलं की आपल्या गिरगावचे नाना शंकरशेट भेटतात, आणि पुढे तू.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खणला. त्या टेकाडाला गावात बुरूड राजाचा कोट म्हणत. दगडी पेटीतून बुद्धमूर्ती, सोन्याची फुलं आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं निघालं. हे अवशेष तू जपलेस. नखाएवढ्या त्या नाण्यावर राजाचा चेहरा आहे. चेहरा कोरायची ही रीत सातवाहनांनी क्षत्रप या शक राजांकडून घेतली आणि क्षत्रपांनी ग्रीक राजांच्या नाण्यांवरून.

मग मी 'पेरिप्लस' वाचायला देतो. पहिल्या शतकातल्या कुणा अनाम ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेली ही सागरी वाटांची माहिती. शॉफचं इंग्रजी भाषांतर १९१२ चं. त्यात सोपारा, चौल, कल्याण ही आपली बंदरं आहेत. कल्याणला चुकून ग्रीक गलबत लागलं, तर ते पहाऱ्यात भडोचला नेत, असं तो लिहितो. असं का, हे तो उलगडून सांगत नाही. त्यासाठी नाशिकचे शिलालेख वाचायचे, मग सातवाहन-क्षत्रपांचं वैर समजतं. कार्ल्याच्या खांबांवर तर दान देणारे यवनच (त्या काळी ग्रीकांसाठीचा शब्द) भेटतात. ग्रीक मजकुराचा अर्थ प्राकृत लेखांशिवाय पुरा लागत नाही, आणि प्राकृत ही आपल्या मराठीची आजी. परळच्या पोरीला ग्रीक येत नसेल, पण या अभ्यासात ती रिकाम्या हाताने येत नाही.

म्हणून तुझ्याकडे एक मागणं आहे. पेरिप्लस, प्लिनी, टॉलेमी, भगवानलालांचा सोपाऱ्यावरचा निबंध आणि लेण्यांतले लेख यांची एक मराठी सूची कर. कुठल्या परिच्छेदात आपलं कुठलं गाव, कुठल्या लेखात कोण यवन, एवढंच तिच्यात असू दे. एक प्रत दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात ठेव. रोज कल्याण लोकल पकडणाऱ्या मुलीला आपल्या स्टेशनाचं नाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक मजकुरात स्वतःच्या बोटाने शोधता यावं.

तुझा,
लालबागचा एक वाचक