रंगाखालचं काम

धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवरून वैमानिक प्रशिक्षणाची छोटी विमानं उडतात. अशा विमानाला नवा रंग दिला की काम संपत नाही. रंगालाही वजन असतं, म्हणून पंख-शेपटीच्या हलत्या भागांचा तोल पुन्हा तपासतात. तो बिघडला, तर वेगात ते भाग थरथरून तुटू शकतात.

स्कूटरला अशी तपासणी नसते. जळगावात रंगवलेल्या माझ्या स्कूटरचे पहिल्याच पावसात पोपडे निघाले. गंज न खरवडता, प्रायमर न देता वरून फवारा मारलेला.

कारागीर म्हणाला, "सर, अजून एक हात मारतो, फुकट."

"नको भाई. आधी सगळा रंग उतरव, पत्रा दाखव. प्रायमर त्यानंतर."

दोन दिवस रुसून तो खरवडायला बसला. पैसे परत मागता आले असते. पण मग पुढच्या गिऱ्हाइकाच्या गंजावरही तसाच रंग चढला असता.